झोंबीची कुळकथा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी एक भाची आमच्या घरी राहावयास आली होती. वय पंधरा वर्षांचे. आल्यापासून ती एका जाडजूड इंग्रजी कादंबरीत अशी काही बुडून गेली की, ताट वाढून झाले तरी पुस्तक डाव्या हातातून सुटत नसे. कसले पुस्तक म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मामा, झोंबींची गोष्ट आहे. पण खरी गोष्ट प्रेमाची आहे."

झोंबी हा शब्द कानी पडताच माझ्या पिढीच्या वाचकाला प्रथम आनंद यादवांची आठवण होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेले आणि १९९० साली साहित्य अकादमीच्या पारितोषिकाचे मानकरी ठरलेले त्यांचे 'झोंबी' हे आत्मचरित्रात्मक पुस्तक आमच्या कपाटात आहे, आणि ते मी मोठ्या उत्साहाने तिच्यापुढे ठेवले. ती हसली. आपली मराठी झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट, ती स्त्रीलिंगी. भाचीच्या पुस्तकातला झोंबी पुल्लिंगी, आणि तो म्हणजे थडग्यातून उठलेले, बुद्धी व वाचा गमावलेले, जिवंत माणसांच्या मांसासाठी भटकणारे प्रेत. दोन शब्दांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. तथापि शेतीच्या कामाला जुंपला गेलेला एक मुलगा शिक्षणासाठी कसा झगडला, ही यादवांच्या पुस्तकाची कथा. आणि परक्याच्या शेतात राबवले जाणारे शरीर हेच त्या दुसऱ्या झोंबीचेही मूळ रूप आहे, हे मला पुढे कळले तेव्हा त्या योगायोगाचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

मुलीने नंतर मला एकच प्रश्न विचारला: "ही मेलेली माणसे आधी होती कोण?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, तेच आज आपणांस निवेदन करणार आहे.

भूतपिशाचांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. वेताळ आहे, मुंजा आहे, समंध आहे, हडळ आहे. परंतु ह्या मंडळींना स्वतःची मते असतात. विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत पंचवीस गोष्टी सांगते आणि उत्तर न दिल्यास डोके फुटेल अशी धमकी देते; मुंज्याची काही वासना उरलेली असते, समंधाचा ठेव्यावर जीव असतो. मेल्यावरही ज्याला काहीच नको आहे, काहीच आठवत नाही, जो बोलत नाही, केवळ सांगेल तसा चालतो, असे भूत आपल्या आजीबाईंच्या पोतडीत नाही. ते निर्माण होण्यासाठी एक विशिष्ट प्रकारची भूमी लागली. ती भूमी म्हणजे कॅरिबियन समुद्रातील हैती होय.

अठराव्या शतकात ह्या प्रदेशाचे नाव सां-दोमँग असे होते आणि फ्रान्सच्या मुकुटातील हे सर्वांत धनवान रत्न समजले जाई. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर ह्या एका वसाहतीतून जात असे. ती साखर पिकवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली जात. १७८९ च्या सुमारास तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते, आणि गोऱ्यांची संख्या तीस-बत्तीस हजारांच्या आसपास. उसाच्या मळ्यात माणूस फार वर्षे टिकत नसे. मेलेल्याची जागा भरण्यास नवे जहाज येई. नव्या गुलामाला वाढवून मोठा करण्यापेक्षा विकत आणणे स्वस्त पडते, असा तेथील हिशेब होता.

ह्या माणसांजवळ एकच आशा उरली होती. मृत्यूनंतर आपला जीव समुद्रापलीकडे, पूर्वजांच्या भूमीत, परत जातो अशी त्यांची श्रद्धा होती. त्या भूमीला ते गिने म्हणत. मरण म्हणजे घरी जाणे. आता कल्पना करा की, अशा माणसाला कोणी सांगितले, "तू मेलास तरी तुझी सुटका नाही, मांत्रिक तुला थडग्यातून उठवील आणि मळ्यातच राबवील." गुलामाच्या मनाला ह्याहून भयंकर गोष्ट कोणती वाटणार? झोंबी म्हणतात तो हाच. शब्दाचे मूळ अभ्यासक मध्य-पश्चिम आफ्रिकेतील कोंगो प्रदेशाच्या भाषांत शोधतात. परंतु आज आपण जी कल्पना ओळखतो, ती उसाच्या मळ्यात वाढली. त्या काळच्या हैतीवासी माणसाला झोंबी आपणांस खाईल अशी भीती नव्हती. आपण स्वतः झोंबी होऊ, ही भीती होती.

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री ह्या गुलामांनी बंड केले. तेरा वर्षांच्या रक्तपातानंतर, १ जानेवारी १८०४ रोजी, देसालीनने हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले. गुलामांनी स्वतः लढून राष्ट्र स्थापन केल्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. परंतु फ्रान्सने १८२५ साली युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मालमत्तेची, म्हणजे ह्याच माणसांच्या शरीरांचीही, भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे १८३८ साली हा आकडा ९ कोटींवर आला. तरी त्यापायी झालेल्या कर्जाची फेड थेट १९४७ पर्यंत चालू होती. मेल्यावरही काम संपत नाही, ही लोककथा अशा देशात मरून जावी तरी कशी?

पुढचा अंक अमेरिकेचा. जुलै १९१५ मध्ये अमेरिकेचे नाविक सैनिक हैतीत उतरले, ते १९३४ पर्यंत तेथून हलले नाहीत. रस्ते बांधण्यासाठी त्यांनी एक जुना कायदा शोधून काढला आणि शेतकऱ्यांना बिनमजुरीने कामास लावले. आपल्याकडे ह्याला वेठबिगार म्हणतात; वेगळा शब्द शोधण्याचे कारण नाही. ह्या सैन्याच्या मागोमाग विल्यम सीब्रुक नावाचा एक भटक्या वृत्तीचा पत्रकार तेथे गेला, आणि १९२९ साली त्याने 'द मॅजिक आयलंड' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजी वाचकांच्या घराघरात झोंबी शिरला तो ह्या पुस्तकातून. सीब्रुक हा तिखटमीठ लावून सांगणारा लेखक होता, काळ्या माणसांविषयी लिहिताना त्याची लेखणी पुष्कळदा ओशाळवाणी वाटते, हे मला नमूद केलेच पाहिजे. पण त्याने एका शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेली जी कथा दिली आहे, ती मात्र मोलाची आहे.

१९१८ सालची गोष्ट म्हणून तो ती सांगतो. त्या वर्षी उसाचे पीक उदंड आले होते आणि अमेरिकन भांडवलावर चालणाऱ्या हास्को नामक साखर कारखान्याने जादा मजूर घेण्याचे जाहीर केले होते. एके सकाळी टी जोसेफ नावाचा मुकादम फाटक्या कपड्यांतील एक टोळी घेऊन कारखान्याच्या दाराशी हजर झाला. माणसे मूढ गुरांसारखी उभी. नाव विचारले तर उत्तर नाही. डोंगरातले अडाणी लोक आहेत, ह्यांना इकडची भाषा कळत नाही, असे मुकादमाने सांगितले. लोकांनी ओळखले की हे झोंबी आहेत. ते दिवसभर उन्हात ऊस तोडत आणि त्यांची मजुरी टी जोसेफ घेई. मुकादमाची बायको क्रोयान्स त्यांच्यासाठी स्वयंपाक करी. पण त्यात मीठ नसे. कारण झोंबीच्या जिभेला मीठ लागले की त्याला जाग येते आणि आपण मेलो आहोत हे त्याला समजते.

एका सणाच्या दिवशी टी जोसेफ शहरात गेला होता. घरी राहिलेल्या क्रोयान्सला त्या मुक्या जीवांची दया आली. ह्यांनीही थोडी जत्रा पाहावी म्हणून ती त्यांना जवळच्या गावी मिरवणूक दाखवावयास घेऊन गेली. तेथे एक बाई गुळाची आणि दाण्यांची वडी विकत होती. गोडाच्या वडीत मीठ कोठून असणार, असा विचार करून क्रोयान्सने ती त्यांना दिली. दाणे मात्र खारवलेले होते. वडी चावताच त्या माणसांनी एक भयंकर किंकाळी फोडली आणि ती सारी आपापल्या डोंगरातल्या गावाकडे चालू लागली. गावच्या लोकांनी आपला बाप, आपला भाऊ, आपली मुलगी ओळखली, हाका मारल्या. ती कोणाकडे न पाहता स्मशानात गेली, हातांनी आपापली थडगी उकरू लागली आणि तेथेच कोसळली.

श्रोतेहो, ही कथा प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. आपल्या भाषेत 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे म्हणतात. आपले मीठ चाकराला धन्याशी बांधते. ज्याने ते विसरले तो निमकहराम. हैतीच्या गुलामाचे मीठ त्याला धन्यापासून सोडवते. 'जागणे' हे क्रियापद दोन्हीकडे सारखेच चपखल बसावे, आणि अर्थ मात्र पूर्व-पश्चिमेइतके दूर जावेत, ह्याचे कारण धन्याच्या ओसरीवर जन्मलेली म्हण आणि मळ्यात जन्मलेली कथा ह्यांतील अंतर हेच असावे.

सीब्रुकला पुढे मळ्यात काम करणारे असे तीन 'झोंबी' प्रत्यक्ष दाखवण्यात आले. क्षणभर तो हादरला. मग, ही बुद्धिभ्रष्ट झालेली बिचारी माणसे असून त्यांना कोणीतरी राबवून घेत आहे, असे त्याने स्वतःचे समाधान करून घेतले. काही वर्षांनी झोरा नील हर्स्टन ही विदुषी हैतीत गेली आणि एका रुग्णालयाच्या आवारात तिने अशाच एका स्त्रीचे छायाचित्र घेतले. १९३८ च्या 'टेल माय हॉर्स' ह्या तिच्या पुस्तकात तो सारा वृत्तांत आहे. त्या स्त्रीच्या चेहऱ्याचे वर्णन करताना हर्स्टनची लेखणी थरथरते. हे झोंबी खरे की खोटे, ह्या वादात आज आपणांस पडावयाचे नाही.

हा झोंबी हॉलिवुडला पोचला १९३२ साली. 'व्हाइट झोंबी' ह्या बोलपटात हैतीमधल्या साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. मृत मजूर उसाचे भारे वाहत आहेत. त्यांतील एक जण चरकात पडतो. बाकीचे न थांबता फिरतच राहतात. बोलपटातील हे दृश्य मला सर्वांत खरे वाटते. पण कथानकाला त्या मजुरांशी कर्तव्य नाही. बेला लुगोसीने रंगवलेला मांत्रिक एका गोऱ्या नववधूला झोंबी करतो आणि प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो तो तिच्यासाठी. शेवटी मांत्रिक मरतो, वधू जागी होते, पतीला ओळखते. नावातच 'गोरा' हे विशेषण का घालावे लागले, ते सांगावयास नकोच. तथापि प्रीती आणि झोंबी ह्यांची गाठ भाचीच्या कादंबरीने प्रथम घातलेली नाही, ती ह्या पहिल्याच बोलपटात पडली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे कथेला दुसरा एक ओघ येऊन मिळतो. तो आहे मेरी शेलीचा. ही मुलगी सोळा वर्षांची असताना, आईच्या थडग्यापाशी कवी शेलीला भेटत असे. १८१४ साली ती त्याच्याबरोबर घर सोडून गेली. अठराव्या वर्षी तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहावयास घेतले. प्रेतांच्या अवयवांतून उभा केलेला जीव, त्याला न मिळालेली माया, हा त्या ग्रंथाचा गाभा. नंतर १८२६ मध्ये तिने 'द लास्ट मॅन' लिहिले. त्यात महामारीने साऱ्या पृथ्वीवरची माणसे संपतात आणि एकच उरतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या वाचनाविषयी नाके मुरडणाऱ्यांनी, ह्या साऱ्या परंपरेचा अर्धा पाया अशाच एका मुलीने घातला, हे विसरू नये. शेवटच्या माणसाची ती कल्पना १९५४ साली रिचर्ड मॅथेसनने 'आय ॲम लेजंड' मध्ये पुन्हा घेतली. त्याने सूक्ष्म जंतूंचे कारण जोडले आणि घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकून रात्र काढणारा नायक उभा केला.

दोन्ही ओघ एकत्र झाले १९६८ साली. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुणाने तुटपुंज्या भांडवलावर 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट काढला. गंमत अशी की, त्यात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. पण मेलेले उठतात, जिवंतांना खातात, ज्याला चावतात तोही मरून उठतो, आणि डोक्यावर प्रहार केल्यावाचून थांबत नाहीत, हे सारे नियम तेथे ठरले. मांत्रिक गेला. धनी गेला. ऊस गेला. राबवला जाणारा माणूस नाहीसा होऊन त्याच्या जागी गोळ्या घालण्याजोगा जमाव आला. हा बदल केवढा मोठा आहे! पूर्वी ज्याची कीव करावयाची, त्यालाच आता ठार करावयाचे. मूळ कथेचे विस्मरण इतके झाले होते. परंतु रोमेरोच्या चित्रपटाचा नायक काळा आहे. तो ती सारी रात्र एकट्याच्या हिमतीने निभावतो, आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्यांची टोळी त्याला दुरून पाहून प्रेत समजते व गोळी घालते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता. प्रेक्षकांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

ह्या चित्रपटातील एका लहानशा प्रसंगाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या शेतघरात टॉम आणि ज्यूडी हे तरुण जोडपे अडकलेले आहे. टॉम मोटारीत पेट्रोल भरण्यासाठी बाहेर पडतो. त्याला एकटे सोडवेना म्हणून ज्यूडी मागोमाग धावते. मोटार पेट घेते, तिचे जाकीट अडकते, टॉम तिच्यासाठी परत फिरतो आणि दोघेही जळून मरतात. १९६८ च्या झोंबीकथेत कोवळ्या प्रेमाला एवढीच जागा होती.

चित्रपटाचे नाव बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावर घालावयाची राहून गेली आणि त्यामुळे हा चित्रपट सार्वजनिक मालमत्ता होऊन बसला. ज्याला वाटेल त्याने तो दाखवावा, ज्याला वाटेल त्याने त्यातले नियम उचलावे. रोमेरोचे नुकसान झाले, झोंबीचा मात्र वंशविस्तार झाला. पुढच्या चाळीस वर्षांतील चित्रपटांची यादी वाचून मी आपणांस कंटाळा आणणार नाही. २०११ साली अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, घरात पाणी, औषधे व अन्न यांचा साठा कसा ठेवावा हे लोकांना शिकवण्यासाठी, 'झोंबी आले तर काय कराल' असाच मथळा वापरला. इतका तो घरगुती झाला होता.

आता भाचीच्या पुस्तकाकडे येतो. कुमारवयीनांसाठी वेगळे वाङ्मय हवे, हा विचार अमेरिकेतील ग्रंथपालांनी विसाव्या शतकाच्या मध्यास उचलून धरला; १९५७ साली त्यांच्या संघाची तशी स्वतंत्र शाखाच निघाली. २००५ साली 'ट्वायलाइट' ह्या रक्तपिपासू नायकाच्या प्रेमकथेने ह्या वाचकवर्गाला केवढी भूक आहे हे प्रकाशकांना दाखवून दिले. रक्तपिपासू देखणा असू शकतो. सडके प्रेत प्रियकर कसे व्हावे? २००९ च्या सुमारास काही लेखकांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या हातून झोंबीच्या इतिहासात एक अनपेक्षित गोष्ट घडली.

भाची वाचत होती ते पुस्तक कॅरी रायनचे, 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ', २००९ चे. एक खेडे आहे. त्याभोवती तारेचे कुंपण. कुंपणापलीकडे अरण्य, आणि अरण्यात पिढ्यान् पिढ्या भटकणारी प्रेते. गावावर एका भगिनीसंघाची सत्ता चालते. कोणी कोणाशी लग्न करावे, कोणी काय जाणावे, हे त्या ठरवतात. नायिका मेरीचे मन ट्रॅव्हिसवर; तिला मागणी घालतो तो त्याचा भाऊ हॅरी. येथपर्यंत कोणत्याही मराठी कादंबरीत शोभेल असा मामला आहे. परंतु आरंभीच मेरीची आई कुंपणाजवळ जाते, कारण हरवलेला नवरा त्या प्रेतांत दिसल्याचा तिला भास होतो. आणि दंश झाल्यावर ती, आपणांस मारून टाका असे न म्हणता, मला पलीकडे सोडा असे म्हणते. त्यानंतर कुंपणाला धडका देणाऱ्या प्रत्येक प्रेतात मेरीला आई असू शकते. ह्या एका प्रसंगाने गोळी झाडण्याची सारी गंमत संपते. आईने सांगितलेल्या समुद्राच्या गोष्टीच्या मागे मेरी निघते. प्रेमापेक्षा तिला समुद्र अधिक हवा आहे, हे तिचे तिलाही उशिरा कळते. लेखिकेने हे लपवले नाही, म्हणून मला हे पुस्तक ह्या साऱ्या कथांत श्रेष्ठ वाटते.

जोनाथन मेबेरीचे 'रॉट अँड रुइन' २०१० चे. त्यातील बेनी इमुरा भाचीच्याच वयाचा. गावाचा नियम असा की, पंधरा पूर्ण झाल्यावर नोकरी धरली नाही तर शिधा निम्मा. बेनी एकेक धंदा पाहतो. त्यांतील एक धंदा चित्रकाराचा आहे: मृत नातेवाइकाचे जुने छायाचित्र घेऊन, तो आता झोंबी म्हणून कसा दिसत असेल ह्याचे चित्र काढून द्यावयाचे, म्हणजे त्याला रानात शोधता येईल. अखेर बेनी नाइलाजाने थोरल्या भावाच्या, टॉमच्या, हाताखाली जातो. टॉम झोंबी मारतो एवढेच त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात टॉम घरच्या माणसांनी लिहून दिलेले शेवटचे पत्र त्या प्रेतापुढे वाचून दाखवतो आणि मगच त्याला कायमचे शांत करतो. इतर शिकारी मजेखातर प्रेतांची विटंबना करतात, पोरांना पळवून त्यांच्या झुंजी लावतात. मेलेल्यांपेक्षा हे जिवंत अधिक भयंकर, हे बेनीला आणि त्याची मैत्रीण निक्सला फार मोठी किंमत देऊन कळते. पुस्तकात हाणामारी गरजेपेक्षा जास्त आहे. पण पत्र वाचण्याचा तो प्रसंग, श्रोतेहो, आपल्याकडच्या दहाव्या दिवशीच्या पिंडापाशी उभ्या असलेल्या माणसाला सहज समजेल. काय राहिले होते ते सांगून टाकल्यावाचून कावळा शिवत नाही.

तिसरे पुस्तक आयझॅक मॅरियनचे 'वॉर्म बॉडीज'. तेही २०१० चेच, आणि त्यावर २०१३ साली चित्रपट निघाला. हे मुळात केवळ कुमारांसाठी लिहिलेले नसले तरी त्यांनी ते आपलेसे केले. येथे निवेदकच झोंबी आहे. त्याला स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे आठवते: आर. ओसाड विमानतळावरच्या एका विमानात तो राहतो. ज्या तरुणाचा मेंदू त्याने खाल्ला, त्याच्या आठवणी त्याच्यात उतरतात आणि त्या तरुणाच्या प्रेयसीला, ज्युलीला, तो इतरांपासून वाचवतो. आर आणि ज्युली ही नावे कोणत्या नाटकातून आली हे शाळकरी मुलालाही ओळखता येईल. सज्जाचा प्रसंगदेखील जसाच्या तसा आहे. हळूहळू त्याला शब्द सुचू लागतात, थंड हृदय हलू लागते, आणि त्याचा संसर्ग इतर प्रेतांनाही होतो. कथा गोडगोड आहे, नायकाने प्रियकराला खाल्ले ही अडचण लेखक जरा लगबगीने ओलांडतो, हे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, "मग कच-देवयानीचे काय? तिथे तर बापानेच त्याला पिऊन टाकले होते!" खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ चे, ते मी तरुणपणी वाचले आहे, तरी हे मला सुचले नव्हते. प्रेतात पुन्हा प्राण यावा म्हणून हट्ट धरणारी तरुणी आपल्याला नवी नाही.

पण मला दिसले ते निराळेच. मॅरियनच्या प्रेताला स्मृती परत येते, मेबेरीच्या प्रेताला पत्र वाचून दाखवतात, रायनच्या प्रेतात आई असते. चाळीस वर्षे ज्यांना नुसता जमाव समजून मारले, त्यांना ह्या मुलांच्या पुस्तकांनी पुन्हा चेहरा दिला. क्रोयान्सच्या वडीतल्या मिठाने जे केले, ते येथे प्रेम करते. फरक आहे, आणि तो लहान नाही. हैतीचा झोंबी जागा झाल्यावर घरी जातो, म्हणजे आपल्या थडग्यात जातो. कारण ज्या जगात त्याला परत यावयाचे, ते मळ्याचेच जग आहे. आर जागा होतो तो जगण्यासाठी. तेथे जगण्यासारखे काहीतरी आहे असा लेखकाचा विश्वास आहे. गुलामाच्या आणि स्वतंत्र माणसाच्या कल्पनेत एवढे अंतर राहणारच. पण ह्या पुस्तकांत कोठेही साखर नाही, ऊस नाही, हैतीचे नाव नाही, ह्याची मात्र मला खंत वाटते. कर्ज घ्यावे आणि सावकाराचे नावही ठाऊक नसावे, असा हा प्रकार झाला.

ही पुस्तके ह्याच वयाच्या वाचकांसाठी लिहिताना हे घडले, त्याचे कारणही मला वयातच दिसते. पंधराव्या वर्षी माणसाभोवती कुंपणे असतात आणि ती कोणी घातली हे त्याला सांगितले जात नाही. चार्ली हिग्सनच्या 'द एनिमी' मध्ये तर लंडनमधील चौदा वर्षांवरचे प्रत्येक माणूस रोगाने बिघडते आणि मुलांना आपल्या वडीलधाऱ्यांपासूनच जीव वाचवावा लागतो. कोर्टनी समर्सच्या 'धिस इज नॉट अ टेस्ट' ह्या २०१२ च्या कादंबरीत सहा विद्यार्थी शाळेच्या इमारतीत कोंडून घेतात; त्यांतील नायिकेला घरी बापाच्या हातून इतके सोसावे लागले आहे की, बाहेर प्रेते येण्यापूर्वीच तिला जगण्याची इच्छा उरलेली नाही. बाकीचे पाच जण जीव वाचवण्यासाठी धडपडत असता तिने काय करावे? जगून दाखवण्याच्या ह्या कथांत असा प्रश्न विचारण्याचे धैर्य थोड्यांनीच दाखवले आहे.

मराठीतही झोंबी येऊन गेला. २०२२ साली आदित्य सरपोतदार ह्यांनी डोंबिवलीच्या नावावर कोटी करून 'झोंबिवली' हा चित्रपट काढला. उंच इमारतीत राहणारे आणि शेजारच्या वस्तीत राहणारे ह्यांच्यातील भिंत त्यात आहे, आणि रोग कोणामुळे पसरला व सोसावा कोणाला लागला, हा प्रश्नही आहे. विनोदाच्या अंगाने का होईना, राबणाऱ्या माणसाची आठवण तेथे झाली, हे मला बरे वाटले.

सुट्टी संपून भाची परत गेली. जाताना तिने यादवांची 'झोंबी' मागून नेली आणि रायनचे पुस्तक माझ्याकडे ठेवले. आता तिच्या हाती त्याचा पुढचा भाग आहे, असे तिच्या आईने कळवले आहे. त्यातील नायिका मेरीने वाढवलेली मुलगी आहे, आणि ती समुद्राकाठीच लहानाची मोठी झाली आहे.